झिंकची गोळी: पेशीच्या मरणावरचा लगाम मोजून कसा धरायचा

कन्नडमध्ये जस्ताला ‘सतु’ म्हणतात आणि ‘सत्तु’ म्हणजे ‘मरून’. बेळगावच्या सीमाभागात, निपाणीपासून खानापूरपर्यंत, घरात मराठी आणि दवाखान्याच्या भिंतीवर कन्नड अशी ज्यांची रोजची वहिवाट आहे, त्यांनी हे दोन शब्द एकदा शेजारी ठेवून बघावेत. फरक एका अर्ध्या ‘त’चा, आणि योगायोग असा की विषयही तोच. पेशीनं कधी मरायचं यात जस्ताचा, म्हणजे झिंकचा, हात असतो. पोराला ढाळ लागल्यावर आशाताई ओआरएसच्या पुडीबरोबर गोळ्यांची जी शीट देतात ती याच झिंकची. ती किती, कशी आणि का पुरी चौदा दिवस द्यायची, आणि मोठ्या माणसांनी त्याच झिंकच्या कॅप्सूल मनाला येतील तशा का खाऊ नयेत, ते इथं सांगितलं आहे.

आधी आतलं काम

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. जुन्या गळतात, खालून नव्या येतात. हे गळणं म्हणजे अपघात नव्हे. पेशी आपलं सामान आवरते, आक्रसते, स्वतःचे लहान लहान तुकडे करते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात, नाहीतर आतड्यात ते शौचावाटे निघून जातात. सूज नाही, घाण नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या प्रकाराला ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. फेब्रुवारी-मार्चात खानापूरच्या रानातला साग पान टाकतो तेव्हा झाड मेलेलं नसतं, तसंच हे.

तुकडे करायचं काम कॅस्पेज नावाच्या कात्र्या करतात. या कात्र्या प्रत्येक पेशीत आधीपासून म्यानात घालून ठेवलेल्या असतात. हुकूम आला की म्यान निघतं आणि कापाकापी सुरू होते. कात्रीच्या धारेवर सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लातला गंधकाचा एक अणू असतो, आणि झिंकला गंधक फार प्रिय. झिंक तिथं जाऊन बसलं की कात्री चालत नाही. कॅस्पेज-३ ही शेवटची, मोठी कापाकापी करणारी कात्री अशी अडवली जाते. कॅस्पेज-६ ला मात्र झिंक धारेवर न बसता दुसऱ्याच जागी चिकटतं आणि तिला मिटूच देत नाही.

प्रयोगशाळेत हे उलट बाजूनंही दिसतं. टीपेन नावाचं, झिंक ओढून घेणारं रसायन पेशींवर टाकलं की काही तासांत पेशी याच ठरलेल्या रीतीनं मरू लागतात. त्याबरोबर पुरेसं झिंक घातलं तर वाचतात. झिंकविना खाणं दिलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींची तालीम, आक्रसते, कारण तिथल्या शिकाऊ पेशी भराभर मरतात.

एवढ्यावरून ‘झिंक पेशी वाचवतं’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं पी-५३ नावाचं प्रथिन आहे. त्याचा घाट तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन या अमिनो आम्लांनी धरलेल्या झिंकच्या एका अणूवर उभा असतो. तो अणू निसटला की पी-५३ ला डीएनए नीट पकडता येत नाही, आणि जी पेशी मरायला हवी ती जगते. शिवाय झिंक फाजील झालं तर ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे तिच्या वीजघरावर, जाऊन स्वतःच मरणाचा हुकूम सोडतं. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर चेतापेशींत साचणारं झिंक असंच घातक ठरतं. म्हणून लगाम म्हटलं. सैल सोडला तरी घोटाळा, खेचला तरी घोटाळा.

आणि हा लगाम शरीरात साठवून ठेवता येत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात झिंक दोन ते तीन ग्रॅम असतं, पण त्यातलं बहुतेक स्नायूंत आणि हाडांत अडकलेलं. लोहासाठी जसं फेरिटिनचं कोठार आहे तसं झिंकसाठी नाही. रोज आत यावं लागतं. ढाळ लागले की ते शौचावाटे जातं आणि खाणंही सुटलेलं असतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

ढाळ लागलेल्या पोराला गोळी कशी द्यायची

मात्रा वयावर ठरते, वजनावर नाही. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी. सहा महिन्यांच्या पुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम, म्हणजे एक अख्खी. दिवसातून एकदाच, १४ दिवस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली संयुक्तपणे १० ते १४ दिवस सांगितले. आपल्याकडे १४ धरतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी काही ठरवू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

स्टीलचा चमचा धुऊन घ्या. त्यात गोळी ठेवा आणि वर उकळून गार केलेलं पाणी घाला, चहाचा एक चमचा, साधारण ५ मिली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाण्याऐवजी आईचं काढलेलं दूध. गोळी चुरू नका, चमच्यानं दाबू नका. विरघळणारी चांगली गोळी कडेनं बुडबुडे सोडत एका मिनिटाच्या आत आपणहून फुटते, तळाशी पांढरी गढूळ पेस्ट उरते. चमचा थोडा तिरका करून फिरवा आणि लगेच पाजा. मग त्याच चमच्यात आणखी थोडं पाणी घेऊन तळाचं धुऊन तेही पाजा. अर्धी मात्रा देताना हे धुणं फार महत्त्वाचं, नाहीतर अर्ध्याची पाव होते.

अर्धी गोळी हवी असेल तर रेघेवर कोरड्या हातानं मोडा. उरलेली अर्धी उघडी ठेवू नका. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडची हवा इतकी दमट असते की उघडी गोळी सकाळपर्यंत मऊ पडते. शीटच्या त्याच खळग्यात ठेवून वरची पन्नी दुमडा आणि दुसऱ्या दिवशी तीच वापरा.

गोळी लिटरभर ओआरएसमध्ये टाकून ठेवू नका. पोर तो सगळा लिटर कधीच पीत नाही, मग किती झिंक पोटात गेलं याचा पत्ता लागत नाही. चमचाभर ओआरएसमध्ये विरघळवून द्यायला मात्र हरकत नाही. आणि झिंक हा ओआरएसचा पर्याय नाही हे डोक्यात पक्कं असू द्या. पोर दगावतं ते पाणी आणि मीठ गेल्यानं. पुडी एक, पाणी एक लिटर. ग्लासभर पाण्यात अंदाजानं चिमूट टाकायची नाही. दोन वर्षांच्या आतल्या पोराला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, घोट घोट. अंगावरचं दूध आणि खाणं चालूच ठेवायचं.

ओकारी होते. झिंकची चव कशी दडवली तरी मागून धातूसारखी तुरट येते, आणि रिकाम्या पोटी ते जठराला झोंबतं. म्हणून थोडं दूध किंवा पेज पोटात गेल्यावर द्या. गोळी दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा, या वेळी थोडं थोडं करून द्या. अर्ध्या तासानंतर ओकलं तर त्या दिवसापुरती मात्रा झाली असं धरा. पहिल्या दिवशी ओकलं म्हणून गोळी कायमची बंद करणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दुसरी चूक चौथ्या-पाचव्या दिवशी होते. शौच घट्ट झालेली असते आणि आजी म्हणते, ‘‘आता बरं हाय की गं पोरगं, कशाला गोळी चारतीस?’’

आजीला उत्तर असं द्यायचं: आक्का, शौच घट्ट झाली म्हणजे पाणी थांबलं, आतली कातडी अजून नवी यायची आहे. अस्तराची एक पाळी तीन ते पाच दिवसांची, आणि पहिली पाळी तर आजारातच उगवलेली असते. चौदा दिवसांत दोन-तीन पाळ्या पुरेशा झिंकवर उगवतात आणि ढाळांत गेलेलं झिंकही भरून निघतं. पेशींच्या मरणावरचा लगाम हा यातला एक भाग झाला. झिंक अस्तरातून पाणी आणि क्षार शोषायला मदत करतं, लढणाऱ्या पेशी टिकवतं, कितीतरी विकरं (एन्झाइम) चालवतं. या सगळ्याचा एकत्र परिणाम असा की पूर्ण कोर्स झालेल्या पोरांना पुढचे दोन-तीन महिने ढाळ कमी लागतात. शीट दहाच गोळ्यांची असेल तर पहिल्याच दिवशी दुसरीही घेऊन ठेवा. दहावी गोळी संपली की कोणी परत दुकानात जात नाही.

गोळी विसरलात तर दुसऱ्या दिवशी एकच द्या, दोन नाहीत. लोहाचं औषध चालू असेल तर मध्ये निदान दोन तास ठेवा, कारण आत शिरताना ही दोन्ही एकमेकांच्या वाटेत येतात. पोर कुपोषणासाठी दवाखान्यात असेल आणि तिथलं उपचारी दूध किंवा पाकिटातलं उपचारी खाद्य चालू असेल, तर त्यात झिंक आधीच घातलेलं असतं. वरून गोळी देण्याआधी तिथल्या नर्सना विचारा.

शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंदांहून उशिरा सपाट होणं, पाणी न पिणं, सुस्ती, सतत ओकारी: यातलं एकही दिसलं तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवा आणि पोराला उचलून दवाखाना गाठा. वाटेत ओआरएस चमच्यानं चालू ठेवा.

शीटवरचा आकडा वाचताना

घोळ होतो तो इथं. झिंक निव्वळ कधी येत नाही, ते कुठल्या ना कुठल्या क्षाराच्या रूपात येतं. आकडा क्षाराचा आहे की ‘एलिमेंटल झिंक’चा, म्हणजे निव्वळ झिंकचा, ते बघा. झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये निव्वळ झिंक सुमारे ३६ टक्के असतं, हेप्टाहायड्रेटमध्ये सुमारे २३ टक्के, ग्लुकोनेटमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २० मिलिग्रॅम झिंकसाठी मोनोहायड्रेट ५५ मिलिग्रॅम लागतं आणि हेप्टाहायड्रेट ८८. मोठ्यांच्या ‘झिंक सल्फेट २२०’ कॅप्सूलमध्ये निव्वळ झिंक ५० मिलिग्रॅम असतं, २२० नव्हे. पोरासाठी ती फोडून अंदाजानं द्यायची नाही. सिरपचंही तसंच. ५ मिलीत १० आहे की २० हे दर बाटलीला नव्यानं वाचा आणि मापाच्या झाकणानंच घ्या.

मोठ्या माणसांनी किती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोषण संस्थेनं २०२० साली पुरुषाला दिवसाला १७ आणि बाईला १३.२ मिलिग्रॅम झिंक सांगितलं. अमेरिकेत हेच ११ आणि ८ आहे. आपला आकडा मोठा, कारण आपलं ताट धान्याचं आणि डाळीचं. त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंकला धरून ठेवतं आणि बरंचसं झिंक तसंच बाहेर जातं. वरची मर्यादा मोठ्यांना दिवसाला ४० मिलिग्रॅम, अन्न आणि गोळ्या मिळून.

कोविडच्या काळात ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्महिने खाण्याची सवय पुष्कळांना लागली, आणि काहींनी ती अजून सोडलेली नाही. तिचा फटका तांब्याला बसतो. झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवतात. हे प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला घट्ट धरतं. मग ती पेशी ठरल्याप्रमाणे गळते आणि तांबं घेऊन शौचावाटे जाते. पानगळीबरोबर खतही वाहून जावं तसं. काही महिन्यांत रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी उतरतात, पुढे पायांना मुंग्या येतात, चाल डळमळते. लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा ॲनिमिया असेल तर डॉक्टरांना झिंकच्या गोळ्यांबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

‘झिंक पेशींचं मरण अडवतं, मग कॅन्सर वाढत नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर दोन्ही बाजूंचं आहे. पी-५३ ला झिंक लागतं हे वर आलंच. निरोगी प्रोस्टेट ग्रंथीत झिंक भरपूर असतं आणि तिथं कॅन्सर झाला की ते घटलेलं दिसतं. पण गाठीच्या पेशी मारण्यासाठी औषधं चालू असताना स्वतःच्या मनानं मोठी मात्रा घेणं हा जुगार आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

ताटातून झिंक वाढवायचं तर

जोंधळ्याच्या १०० ग्रॅम पिठात झिंक सुमारे २ मिलिग्रॅम. एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ, म्हणजे तीन भाकऱ्यांत चारेक मिलिग्रॅम. त्यातलंही थोडंच अंगी लागतं, कारण भाकरीचं पीठ मळलं की लगेच तव्यावर जातं आणि फायटेट जसंच्या तसं राहतं. आनंद प्रसाद या मूळच्या बिहारच्या डॉक्टरांनी १९६१ साली इराणमधल्या शिराझच्या रुग्णांवरून माणसातल्या झिंकच्या कमतरतेकडं पहिल्यांदा बोट दाखवलं. वाढ खुंटलेले ते तरुण मुख्यतः न आंबवलेल्या रोटीवर जगत होते.

भाकरी सोडायची गरज नाही, तिच्या शेजारी आंबवलेलं आणि मोड आलेलं ठेवलं की भागतं. आंबील करताना चार चमचे जोंधळ्याचं किंवा नाचणीचं पीठ वाटीभर कोमट पाण्यात कालवा, त्यात दोन चमचे ताक घाला आणि झाकून रात्रभर ठेवा. आंबट वास आला आणि वर बारीक बुडबुडे दिसले की झालं. आंबटपणात धान्यातलं फायटेज विकर जोर धरतं आणि फायटेट तोडतं. सकाळी शिजवा. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकून लगेच केलेल्या आंबिलीत ताकाची चव येते, पण फायटेजला वेळच मिळत नाही आणि उकळल्यावर ते मरतं. आंबोळी आणि पड्डूचं पीठही याच कारणानं चांगलं. थंडीत आठ तासांत पीठ फुगत नाही, तेव्हा बारा तास द्या.

मटकी, हरभरा आठ-दहा तास भिजवा, पाणी ओतून टाका आणि ओल्या फडक्यात गच्च बांधा. टोकाएवढा मोड पुरत नाही, बोटाच्या पेराएवढा येऊ द्या. त्याला उन्हाळ्यात बारा तास, थंडीत चोवीस. मोड काळपट किंवा चिकट झाले तर फेकून द्या. तीळ १०० ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅम झिंकचे, म्हणजे दोन मोठे चमचे तिळाच्या चटणीतून दीडेक मिलिग्रॅम. मटण १०० ग्रॅमला सुमारे चार, आणि ते अंगी चांगलं लागतं. खाणाऱ्यांच्या घरात बुधवार-रविवारच्या वाटीतला रस्सा एकट्या थोरल्यांना वाढून पोराला नुसता भात-पाणी देऊ नका. दोन मऊ फोडी कुस्करून त्यालाही द्या.

रक्ताची तपासणी

ढाळ किंवा ताप चालू असताना रक्तातलं झिंक तपासू नका. जंतुसंसर्गात शरीर झिंक रक्तातून यकृताकडे ओढतं, त्यामुळे आकडा खोटा खाली दिसतो. तपासायचंच असेल तर बरं झाल्यावर, सकाळी उपाशीपोटी. रक्त गडद निळ्या झाकणाच्या, सूक्ष्म धातूंसाठीच्या नळीत घ्यायला सांगा. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक सुटतं आणि आकडा फुगतो. रक्त घेताना लाल पेशी फुटल्या तरी तेच होतं, कारण त्यांच्या आत झिंक पुष्कळ असतं. ७० ते १२० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सर्वसाधारण पातळी. ६८ आली म्हणून घाबरायचं नाही आणि ११० आली म्हणून पेशींत सगळं ठीक असंही नाही. रक्तद्रवात असतं ते अंगातल्या झिंकच्या हजारातला एखादा भाग.

दोन वस्तू घरात वेगळ्या ठेवा

शेतीसेवा केंद्रातून भातासाठी आणलेली झिंक सल्फेटची पिशवी, २१ किंवा ३३ टक्क्यांची, औषधाच्या फळीपासून लांब असू द्या. नाव एकच, पण ते खत आहे. त्यात शिसं, कॅडमियम किती चालतं ते पिकाच्या मापानं ठरवलेलं असतं, पोराच्या नाही.

दुसरी वस्तू म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पिंप. त्यात पाणी ठेवा, धान्य ठेवा. लग्नाच्या पंगतीचं ताक, कोकमाचं सरबत, लिंबूपाणी, आंबील यातलं काहीही ठेवू नका. आंबटानं मुलामा विरघळतो आणि तासाभरात ग्लासागणिक जस्त पोटात जायला लागतं. साधारण सव्वादोनशे मिलिग्रॅमपासून पुढे ओकाऱ्या सुरू होतात, आणि पंगतीत दहा-वीस माणसं एकदम ओकायला लागली की दोष आचाऱ्याच्या माथी जातो. ताकासाठी स्टीलची टाकी नाहीतर खाण्याच्या वापराचं प्लॅस्टिकचं पिंप भाड्यानं आणा. बादली जस्ताची आहे का हे ओळखायला तिचा पत्रा उजेडात तिरका धरून बघा. स्टील एकसारखं चमकतं, मुलाम्यावर करड्या रंगाची फुलं फुललेली दिसतात.